पाटी, पोळपाट आणि जमाखर्चाची वही : रमाबाई रानडे यांचे घर

रमाबाई रानडे हे नाव आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांना माहीत आहे. जुन्या पिढीला ते पुण्याच्या आणि सोलापूरच्या सेवासदनामुळे माहीत आहे, तर नव्या पिढीला काही वर्षांपूर्वी झी मराठीवर लागणाऱ्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे. ती मालिका लागायची तेव्हा आमच्या गल्लीतल्या घराघरांतून एकच शीर्षकगीत ऐकू येत असे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी, स्त्रीशिक्षणाच्या पुढारी, सेवासदनाच्या अध्यक्षा, एवढी ओळख सगळ्यांनाच असते. या स्मरणिकेत आम्ही त्यांच्या सभा आणि संस्थांविषयी थोडेच लिहिणार आहोत. आम्हाला लिहायचे आहे ते त्यांच्या घराविषयी. त्या घरात स्वयंपाक कसा चाले, वाचन कसे चाले, आणि या दोन गोष्टींचे एकमेकींशी कसे पटत नसे आणि मग कसे पटत गेले, याविषयी. आपल्यासारख्या सीमेवरच्या मराठी घरांना त्यातून घेण्यासारखे बरेच आहे असे आम्हाला वाटते.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा. गाव देवराष्ट्रे, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले आणि आता सांगली जिल्ह्यात असलेले. यशवंतराव चव्हाणांचा जन्मही पुढे त्याच गावी झाला. माहेरचे आडनाव कुर्लेकर आणि माहेरचे नाव यमुना. घर खाऊन पिऊन सुखी होते, माणसे चांगली होती, पण मुलींना अक्षर शिकवण्याची पद्धत त्या घरात नव्हती. त्यावेळच्या बहुतेक घरांत ती नव्हतीच. बाईने पुस्तक हातात धरले तर घरावर संकट येते, नवऱ्याचे आयुष्य कमी होते, अशा समजुती सर्रास होत्या. त्यामुळे वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत यमुनेला वाचता येत नव्हते. अंगण झाडणे, सडा घालणे, देवाची उपकरणी घासणे, भाजी निवडणे हेच तिचे शिक्षण.

१८७३ सालच्या डिसेंबरात तिचे लग्न महादेवराव रानडे यांच्याशी झाले. महादेवराव तेव्हा एकतीस वर्षांचे, पुण्याला न्यायाधीश. त्यापूर्वी ते काही काळ आपल्या शेजारच्या अक्कलकोट संस्थानात कारभारी होते आणि कोल्हापूरलाही होते. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात वारली होती. ते विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते होते, त्यामुळे ते दुसरे लग्न करतील ते विधवेशीच, असे सगळ्यांना वाटत होते. नेमकी हीच भीती त्यांच्या वडिलांना होती. म्हणून वडिलांनी घाईघाईने मुलगी पाहून लग्न ठरवले आणि मुलाने वडिलांचा शब्द मोडला नाही. त्यासाठी महादेवरावांवर त्यावेळी टीका झाली आणि आजही होते. ती टीका चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या लग्नात एका अकरा वर्षांच्या मुलीचे पुढे काय झाले, हा आमचा विषय आहे.

लग्न होऊन मुलगी पुण्याच्या घरी आली आणि नवऱ्याने तिला वाचता येते का ते विचारले. येत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतः पाटी आणून तिला मुळाक्षरे गिरवायला लावली. दिवसभर कोर्टाचे काम, संध्याकाळी सार्वजनिक सभेचे काम, आणि रात्री बायकोला अ-आ-इ-ई शिकवणे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. मुलगी हुशार होती. अक्षरे लवकर आली, मग जोडाक्षरे, मग क्रमिक पुस्तके. पुढे पुण्याच्या फीमेल ट्रेनिंग कॉलेजातल्या सगुणाबाई देव या शिक्षिका शिकवायला घरी येऊ लागल्या.

इथून खरी अडचण सुरू झाली. रानड्यांचे घर मोठे होते. सासूबाई होत्या, घरात राहणाऱ्या नात्यातल्या वडीलधाऱ्या बायका होत्या, आणि महादेवरावांची धाकटी बहीण दुर्गाबाई होत्या. दुर्गाबाई लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेल्या, अतिशय कर्त्या आणि घर सांभाळणाऱ्या. अशा घरात कालची आलेली सून रात्री नवऱ्याजवळ बसून पाटीवर लिहिते आणि दिवसा मास्तरीणबाईंसमोर मोठ्याने वाचते, हे त्या बायकांना सहन होण्यासारखे नव्हते. टोमणे सुरू झाले. सुनेशी बोलणे बंद झाले. कामात चूक काढणे रोजचे झाले. ती जवळ आली की गप्पा थांबत आणि ती उठून गेली की पुन्हा सुरू होत. ज्यांनी एकत्र कुटुंबात दिवस काढले आहेत, त्यांना यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

मात्र त्या बायकांना केवळ दुष्ट म्हणून सोडून द्यावे असे आम्हाला वाटत नाही. त्यांचेही एक राज्य होते आणि ते राज्य म्हणजे स्वयंपाकघर. सोवळे नेसून चूल पेटवणे, कोणाच्या पानात काय वाढायचे, सणाला किती पुरण घालायचे, वर्षाचे लोणचे आणि पापड किती करायचे, हे सगळे त्यांच्या हाती होते. घरच्या पुरुषांनी बाहेर कितीही सुधारणा केली तरी चुलीपाशी त्यांचाच कायदा चाले. आता एक नवी मुलगी पुस्तक घेऊन आली आणि तिच्यामागे घरातला कर्ता पुरुष उभा राहिला. उद्या हिच्या हातात काय जाईल आणि आपल्या हातात काय उरेल, ही धास्ती त्यांना वाटली असली तर नवल नाही. शिवाय दुर्गाबाईंसारख्या हुशार बाईला तिच्या अकराव्या वर्षी कोणी अशी पाटी दिली नव्हती, हेही विसरता येत नाही. जे आपल्याला मिळाले नाही ते डोळ्यांसमोर दुसरीला मिळताना पाहणे सोपे नसते.

महादेवराव घरातल्या या बोलण्यात कधी पडत नसत. बायकोला त्यांचे सांगणे एवढेच असे की वडीलधाऱ्यांना उलट उत्तर द्यायचे नाही, मुकाट्याने ऐकून घ्यायचे, आणि अभ्यासही सोडायचा नाही. सांगणाऱ्याला हे सोपे होते, कारण ते दिवसा कोर्टात असत आणि दिवसभर घरात राहायचे ते रमाबाईंना. मोठ्या बायकांना खूश ठेवावे तर नवरा नाराज, नवऱ्याचे ऐकावे तर सगळे घर विरुद्ध. नवऱ्याचा रागही आरडाओरड्याचा नसे. ते बोलणेच बंद करत आणि ते मौन रमाबाईंना टोमण्यांपेक्षा जड जाई. या कात्रीत त्या वर्षानुवर्षे होत्या. पुढे लिहिलेल्या आठवणींत त्यांनी हे सगळे शांतपणे, कोणाला बोल न लावता सांगितले आहे.

१८७८ साली महादेवरावांची नाशिकला बदली झाली आणि पहिल्यांदा दोघांचे निराळे बिऱ्हाड झाले. बदली म्हटली की सरकारी नोकराच्या घरात आधी सामान आणि शाळा यांचीच चिंता उभी राहते. पण रमाबाईंना ही बदली मानवली. इथे चुलीवर दुसऱ्या कोणाचा हुकूम नव्हता. इथेच महादेवरावांनी घरखर्चाची रक्कम त्यांच्या हाती देऊन रोजचा जमाखर्च लिहायला लावला. वाणसामान, दूध, भाजी, गडीमाणसांचे पगार, आल्यागेल्याचे जेवण, असा सगळा खर्च ठरलेल्या रकमेत बसवायचा आणि वहीत मांडायचा. पाटीवर शिकलेली अक्षरे आणि आकडे पहिल्यांदा घरच्या कामाला आले ते या वहीत. आमच्या मते हा त्यांच्या आयुष्यातला मोठा टप्पा आहे. आतापर्यंत वाचन एका बाजूला आणि स्वयंपाकघर दुसऱ्या बाजूला होते. जमाखर्चाच्या वहीने दोन्ही एका ठिकाणी आणले. शिकलेली सून घर नीट चालवू शकते, हे तिला स्वतःलाच तिथे कळले.

नाशिकहून धुळे, तिथून मुंबई, पुन्हा पुणे, अशा बदल्या चालूच राहिल्या. शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणासाठी १८७९ साली जो कायदा झाला, तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्या कायद्याखाली महादेवरावांना पुढे गावोगाव फिरून कोर्टांची तपासणी करावी लागे. रमाबाई या दौऱ्यांत बरोबर असत. आज या गावी, उद्या पुढच्या गावी, असा संसार. नवी जागा, नवी चूल, नवे पाणी. सामानाच्या पेट्यांत भांड्यांबरोबर पुस्तकेही असत. दौऱ्यात जेवणखाण आटोपले की वाचन होई आणि गावातल्या बायका भेटायला आल्या की त्यांच्याशी बोलणे होई. मुलींची शाळा असेल तर ती पाहणे होई.

पुण्याला परत आल्यावर पुन्हा जुने घर आणि जुन्या बायका. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू झाला आणि रमाबाई रानडे तिथे जाऊ लागल्या. इंग्रजी शिकवायला मिस हरफर्ड नावाच्या मडमबाई घरी येऊ लागल्या. त्यावर घरातल्या मोठ्या बायकांनी अट घातली. परधर्माच्या बाईला शिवून आल्यावर स्नान केल्याशिवाय स्वयंपाकघरात आणि घरात वावरायचे नाही. झाले. रोज धडा संपला की डोक्यावरून पाणी. थंडीच्या दिवसांतही हा नेम चुकला नाही आणि शेवटी ताप भरला. मग मात्र त्या अटीत थोडी सूट मिळाली, स्नानाऐवजी लुगडे बदलले तरी चालू लागले. इंग्रजीच्या एकेका धड्याला एकेक स्नान, ही किंमत आज ऐकताना हसू येते. त्यांनी ती मोजली. त्यांनी धडा सोडला नाही आणि घरच्या बायकांशी भांडणही केले नाही.

मुलींसाठी हायस्कूल काढावे या मागणीची सभा पुण्यात भरली, तेव्हा गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचले. एका ब्राह्मण घरातल्या सुनेने भरसभेत, साहेबासमोर, इंग्रजीत बोलणे ही त्यावेळी केवढी मोठी गोष्ट होती, याची कल्पना करावी. १८८४ साली ते हायस्कूल उघडले. तीच पुढची पुण्याची हुजूरपागा. आज हजारो मुली तिथून शिकून गेल्या आहेत. पण ज्या दिवशी त्या सभेत टाळ्या मिळाल्या, त्या दिवशी घरी आल्यावर काय मिळाले असेल हे वेगळे सांगायला नको. बाहेर मान आणि घरात अबोला, हा त्यांचा नेहमीचा अनुभव होता.

१८८६ साली महादेवराव सरकारच्या फायनान्स कमिटीवर नेमले गेले आणि त्यांना कलकत्त्याला राहावे लागले. तिथली एक गोष्ट आम्हा सीमेवरच्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. दारावर बंगाली वर्तमानपत्र घेऊन माणूस आला. बंगाली वाचता येत नाही म्हणून रमाबाईंनी ते परत पाठवले. महादेवरावांना हे कळले तेव्हा त्यांना ते रुचले नाही. ज्या मुलखात राहायचे तिथली भाषा वाचता येऊ नये, हे त्यांना कमीपणाचे वाटले. त्यांनी बाजारातून बंगाली पुस्तके आणली आणि स्वतःच शिकायला सुरुवात केली. हजामत करायला न्हावी आला की त्याच्यासमोर पुस्तक धरून अडलेले शब्द आणि उच्चार विचारायचे. आत रमाबाईंना वाटले की कोणी पाहुणा आला आहे आणि गप्पा चालल्या आहेत. बाहेर येऊन पाहतात तो गालावर साबण, हातात पुस्तक आणि न्हावी गुरुजी. त्यांना हसू आवरेना. त्यावर महादेवरावांनी दत्तात्रेयांचा दाखला दिला. दत्तगुरूंनी चोवीस गुरू केले, तर आपण एक न्हावी गुरू केला म्हणून काय बिघडले, असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनी रमाबाईंना बंगाली शिकवले आणि थोड्याच दिवसांत त्या बंगाली पुस्तके आपली आपण वाचू लागल्या.

हे शिकणे कोणत्याही परीक्षेसाठी नव्हते, नोकरीसाठी नव्हते. निव्वळ वाचनाच्या आनंदासाठी आणि शेजाऱ्याचे बोलणे समजावे म्हणून होते. गाणगापूर आणि माणिकनगर यांच्या परिसरात राहणाऱ्या आपल्याला दत्तगुरूंच्या चोवीस गुरूंची गोष्ट लहानपणापासून माहीत आहे. पण शेजारच्या भाषेची लिपी न्हाव्याकडून शिकणे हा तिचा असाही अर्थ होतो, हे रानड्यांच्या घराने दाखवून दिले.

आता चहाची गोष्ट. १८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींना चहा आणि बिस्किटे देण्यात आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला बाजूला ठेवला. महादेवराव त्या मंडळींत होते आणि लोकमान्य टिळकही होते. नंतर वर्तमानपत्रात नावांची यादी छापून आली आणि गावभर गदारोळ उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. एवढ्याशा पेल्याने पुण्यातल्या कित्येक घरांचे सण आणि श्राद्धे अडली. बहिष्काराचा चटका सभेतल्या पुरुषांपेक्षा घरातल्या बायकांना जास्त बसला. भटजी यायला तयार नाहीत, माहेरवाशिणीला आणायची चोरी, पंक्तीला कोणी बसत नाही, ही सगळी अडचण शेवटी चुलीपाशीच येऊन थांबते. आपल्यामुळे मित्रांच्या घरची माणसे दुखावू नयेत म्हणून महादेवरावांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंना ते मनातून आवडले नव्हते. इतकी वर्षे ज्यांचे ऐकून घराचा रोष पत्करला, त्यांनीच असे मागे यावे, हे त्यांना लागणे साहजिक होते. पण तेही त्यांनी पचवले आणि पुढे प्रामाणिकपणे लिहूनही ठेवले.

१८९३ साली महादेवराव मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला आले. आता रमाबाई त्या घरच्या खऱ्या अर्थाने यजमानीण होत्या. त्यांना स्वतःचे मूलबाळ नव्हते, पण नात्यातली मुले घरात असत, विद्यार्थी असत, पाहुण्यांचा राबता असे. या घरातली रात्र ठरलेली होती. जेवणे झाली की महादेवरावांच्या तळपायांना तूप चोळायचे आणि त्याचवेळी वाचन चालायचे. त्यांची दृष्टी अधू होती, त्यामुळे त्यांना दुसऱ्याने वाचून दाखवणे सोयीचे पडे. वर्तमानपत्र, टपाल, पुस्तक, जे असेल ते मोठ्याने वाचायचे. एकेकाळी ज्या मुलीला त्यांनी अक्षर ओळखायला शिकवले, तीच आता त्यांचे डोळे झाली होती. पहाटे उठले की ते तुकाराम आणि नामदेवांचे अभंग म्हणत. म्हणजे दिवस अभंगाने सुरू होई आणि वाचनाने मिटे.

खाण्याच्या बाबतीत महादेवराव फार संयमी होते. एकदा उत्तम हापूस आंबे घरी आले. रमाबाईंनी ते हौसेने चिरून पुढे ठेवले. त्यांनी एकदोन फोडी घेतल्या आणि हात आवरला. आंबे चांगले नाहीत का, प्रकृती बरी नाही का, अशी काळजी रमाबाईंना वाटली. तेव्हा त्यांनी सांगितले की आंबे फार चांगले आहेत, म्हणूनच थांबलो. विद्यार्थी असताना मुंबईत त्यांच्या शेजारी एक साधे कुटुंब राहत असे. त्या घरातल्या बाई पूर्वी बऱ्या स्थितीत होत्या. आता हात आखडला होता, आणि जिभेला जुन्या चवी आठवल्या की त्या स्वतःच्या जिभेलाच समजावत. ते ऐकून महादेवरावांच्या मनात बसले की आवडीची वस्तू पुरती संपवण्याआधीच हात काढून घ्यायची सवय असावी. ही गोष्ट आपण लहानपणी थोरांच्या चरित्रात वाचलेली असते. पण ती ज्यांनी सांगितली त्या रमाबाई होत्या आणि आंबे चिरणारा हात त्यांचा होता, हे मात्र आपण विसरतो. स्वयंपाकघरात उभी असलेली बाई लिहू लागली म्हणूनच ही गोष्ट आपल्यापर्यंत आली.

१६ जानेवारी १९०१ रोजी महादेवराव गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आतच होत्या. त्या पुण्याच्या घरी परत आल्या आणि काही काळ घराबाहेर पडल्या नाहीत. त्यानंतर जे काम त्यांनी हाती घेतले ते सगळ्यांना माहीत आहे. तुरुंगातल्या स्त्रियांना भेटून त्यांना चार शब्द सांगणे, १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद, १९०८ साली मुंबईला आणि १९०९ साली पुण्याला सुरू झालेले सेवासदन. पुण्याचे सेवासदन त्यांच्या राहत्या वाड्यातच सुरू झाले. ज्या घरात एका मुलीने पुस्तक हातात घेतले म्हणून अबोला धरला जात होता, त्याच घरात आता विधवा, परित्यक्ता आणि गरजू बाया लिहायला, शिवणकाम करायला, रुग्णाची शुश्रूषा करायला शिकू लागल्या. दुर्गाबाईंच्या पिढीला जे मिळाले नव्हते, ते इथे मागेल तिला मिळू लागले. आमच्या मते रमाबाईंनी सासरच्या त्या बायकांना दिलेले खरे उत्तर हेच. उलट बोलायचे नाही ही नवऱ्याची शिकवण त्यांनी शेवटपर्यंत पाळली, पण उत्तर मात्र दिले.

१९१० साली त्यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला नामदार गोखल्यांची प्रस्तावना आहे. पुढे त्याची इंग्रजीतही भाषांतरे झाली. पुस्तकाच्या नावात त्यांनी माझ्या न म्हणता आमच्या म्हटले आहे, इकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पुस्तक म्हटले तर नवऱ्याचे चरित्र आहे. पण त्यात चूल आहे, हिशेब आहे, सासूरवास आहे, प्रवास आहे, आजारपणे आहेत, चेष्टामस्करी आहे. मोठ्या माणसाचे घर आतून कसे असते हे एका बाईने मराठीत इतक्या मोकळेपणाने त्यापूर्वी क्वचितच सांगितले असेल. १९२४ साली रमाबाईंचे निधन झाले. १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीला सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

हे सगळे आम्ही बीदरच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत का लिहितो आहोत, असा प्रश्न कोणाला पडेल. त्याचे कारण आपली घरे. आपले आजोबा-पणजोबा निजामाच्या राज्यात कचेरीत उर्दू लिहीत, घरी मराठी पोथी वाचत आणि बाजारात कानडीत बोलत. जुनी कागदपत्रे मोडीत. १ नोव्हेंबर १९५६ला बीदर जिल्हा त्यावेळच्या म्हैसूर राज्यात आला आणि शाळा-कचेरीची भाषा हळूहळू कानडी झाली. आपण इथलेच आहोत, इथेच राहणार आहोत आणि कानडी आपल्याला परकी नाही. आपल्या जेवणाकडे पाहिले तरी ते कळते. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, अंबाडीची म्हणजे पुंडीची भाजी, येळ अमावास्येला शेतात नेलेली भज्जी आणि आंबील. यातले कोणते पदार्थ मराठी आणि कोणते कानडी हे कोणी वेगळे करून दाखवावे. स्वयंपाकघरात दोन्ही भाषा केव्हाच एक झाल्या आहेत.

वाचनात मात्र तसे झालेले नाही. आपली मुले कानडी आणि इंग्रजी शाळांत शिकतात, त्यात गैर काही नाही. पण घरात मराठी बोलणारी कितीतरी मुले मराठी वाचताना अडखळतात. बोलतात ती आजीची भाषा आणि आजीने जपून ठेवलेली पोथी त्यांना वाचता येत नाही. उलट आपल्यातल्या काही मोठ्या माणसांनी जन्म इथे काढला तरी कानडी वर्तमानपत्र उघडलेले नाही. रानड्यांच्या घराकडे पाहिले तर दोन्ही गोष्टींवर उपाय दिसतो आणि तो फार खर्चाचा नाही. एक पाटी, रात्रीचा अर्धा तास आणि शिकवणारे घरातलेच माणूस. सरकारने शाळा काढावी, शिक्षक नेमावेत, ही मागणी करत राहायलाच हवी. कचेरीत काम करणारे म्हणून आम्हाला ठाऊक आहे की अशा कामाला वेळ लागतो. तोपर्यंत मुले मोठी होऊन जातात.

आपल्या मंडळात यंदा मुलांसाठी अथर्वशीर्षाचे पाठांतर आहे, पाककलेची स्पर्धा आहे, रांगोळी आहे. यात मोठ्याने वाचनाची एक स्पर्धा घालावी असे आम्हाला वाटते. आई, आजी, सून, मुलगा, मुलगी, कोणीही यावे आणि एक पान मराठीचे आणि एक पान कानडीचे वाचून दाखवावे. आणि घरोघरी, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, भांडी घासण्याचा आवाज थांबला की, टीव्ही लावण्याआधी कोणीतरी चार पाने मोठ्याने वाचावीत. सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी असे विचारले तर रमाबाईंच्या आठवणींनी करावी. भाषा जुनी असली तरी गोष्टी आपल्याच घरातल्या आहेत. कुठे अडले तर आजीला विचारावे. तिलाही अडले तर शेजारी आहेत, आणि न्हावी तर आहेच.